कुत्र्याच्या घशातला काटा

कुत्र्याला खोकला झाला तेव्हा पहिला संशय माझ्या नवऱ्यावर गेला. पहाटे नळाला पाणी येतं म्हणून मी उठले होते. मोटर लावली आणि मागच्या पडवीतून आवाज आला. घशात काहीतरी अडकल्यासारखं खाकरणं, पुन्हा खाकरणं, आणि शेवटी कोरडी ओकारी. विडी सोडल्याची शपथ नवऱ्याने गणपतीसमोर घेतली होती. मला वाटलं, मोडली. मी उभ्या जागेवरून सुरुवात केली. फुफ्फुसं, वय, डॉक्टर, माझं नशीब, सगळं काढलं. बोलत बोलत आत आले तर हा पलंगावर, पांघरूण हनुवटीपर्यंत, मुकाट्याने ऐकतोय. "झालं?" म्हणाला. "आता जाऊन कुत्र्यालाही सांग. विडी सोड म्हणावं."

त्या दिवशी मी हसले. पुढे त्याच खोकल्याने माझ्या नाकी नऊ आणले.

कुत्रा तसा आमचा नव्हे. गल्लीच्या टोकाच्या बंगल्यात मुंबईचं एक कुटुंब भाड्याने राहत होतं. ते विरारला फ्लॅटमध्ये गेलं आणि जाताना याला इथेच ठेवून गेलं. सोसायटीत कुत्रा चालत नाही म्हणे. टीव्ही नेला, झोपाळा नेला, कुंड्यासुद्धा नेल्या. हा अर्धा पॉमेरियन आणि अर्धा कुणास ठाऊक काय. मूळचा पांढरा, आता पिवळट पडलेला, मांजरापेक्षा जरा मोठा. काही दिवस त्या बंद फाटकाशी बसून राहिला, मग एका संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन झोपला. मी हाकलला नाही, कारण हाकलायलाही अंगात त्राण लागतं.

मी मूळची घाटावरची. लग्न होऊन भुईगावात आले तेव्हा नवऱ्याच्या घरची वाडी चांगली मोठी होती. केळी, पानवेली, मोगरा, मागे नारळ. आता ती अर्धी राहिली आहे. नवरा तिच्यात राबतो आणि मी वसईतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात जाते. संध्याकाळी स्कूटर फाटकाशी लावते तेव्हा मला कुणाशीही बोलायचं नसतं. पण हा प्राणी फाटकाचा आवाज ऐकला की असा धावत यायचा, गोल गोल फिरायचा, पायावर उड्या मारायचा, जणू मी लढाई जिंकून आले आहे. घरातलं दुसरं कुणी मी आल्याने एवढं हरखत नाही. नवरा फार तर चहा टाक म्हणतो.

रात्री झोपायला तो आमच्याकडे, पण दुपारचं जेवण मावशीकडे. मावशी म्हणजे आमची शेजारीण. आमच्या आणि तिच्या घरात भिंत नाही, नुसती जास्वंदीची रांग आहे. ती ख्रिस्ती, सत्तरी उलटलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा कॅनडात, मुलगी आखातात. घर मोठं, जेवणाचं टेबल त्याहून मोठं, आणि जेवणारी ही एकटी. चर्चची बाराची घंटा झाली की ती उभी राहून प्रार्थना म्हणते आणि मग पान वाढते. घंटा वाजली की कुत्रा आमच्या पडवीतून उठायचा, अंग झाडायचा आणि जास्वंदीच्या खालून पलीकडे जायचा. तिच्या पायाशी गोणपाट अंथरलेलं असायचं, त्यावर इनॅमलची ताटली.

तिच्या घरी एक नियम आहे. जेवायच्या वेळेला जो दारात असेल त्याला आपल्याच टोपातलं वाढायचं. पाहुण्याला वेगळं शिजवायचं नाही आणि उरलंसुरलं द्यायचं नाही. ही तिच्या सासूची शिकवण. मी नवीन होते तेव्हा तिच्याकडे गेले असताना, मला मासे खायची सवय नाही म्हणून वेगळं काही नको, असं संकोचून म्हणाले होते. ती म्हणाली, "वेगळं करनारच नाय मी. जेवनाऱ्यासमोर दोन टोप ठेवायचे नाय, बाय." त्या दिवशी मी पहिल्यांदा सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं. पुढे त्याच टोपातलं कुत्रा खायला लागला.

माझ्याशी बोलताना ती तिची घरची बोली बाजूला ठेवते. ती बोली मला अजून धड कळत नाही. नवरा आणि ती आपापल्या बोलीत बोलायला लागले की मी भांडी घासायला जाते.

तर खोकला. तो चार-आठ दिवसांत जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. पहाटे यायचा, दुपारी जेवून आडवा झाला की यायचा, आणि मी घरी आले की हमखास यायचा. मान पुढे ताणायची, पोट आत ओढायचं, पाठीची कमान करायची, आणि इतक्या खटाटोपानंतर जमिनीवर थुंकीएवढा पांढरा फेस.

गल्लीने एकमुखाने निदान केलं, काटा अडकलाय. आमच्याकडे गल्लीचं एकमत कधी होत नाही. गटारावर नाही, दिव्यांवर नाही, पार्किंगवर तर मुळीच नाही. काट्यावर मात्र झालं. मासे खाणारं गाव, त्यामुळे प्रत्येकाच्या घशात कधी ना कधी काटा अडकलेला असतोच, आणि प्रत्येकाकडे त्यावर एकच उपाय असतो. पिकलेलं केळं घ्यायचं, न चावता गिळायचं, केळ्याबरोबर काटा खाली जातो. केळ्यांच्या गावात हे औषध शोधायला लांब जावं लागत नाही. माझ्या सासरच्या दारात तर घड टांगलेले असतात.

मग त्या कुत्र्याला केळी सुरू झाली. मावशीने वेलची केळं सोलून त्याच्या जिभेच्या मागे ठेवलं. नवऱ्याने वाडीतून येता-जाता भरवलं. समोरच्या घरातल्यांनी केळ्यात भाताचा गोळा घालून दिला. कुत्रा खोकला रे खोकला की तीन दिशांनी तीन हात केळी घेऊन यायचे. थोड्याच दिवसांत नवरा म्हणायला लागला की हा नाटकं करतोय. खोकलं की केळं मिळतं हे त्याला कळलंय. मलाही क्षणभर खरं वाटलं.

काटा कुणाचा, यावरही मग वाद झाला. समोरच्या घराने मावशीकडे बोट दाखवलं, मावशीने समोरच्यांच्या रविवारच्या कोंबडीकडे. अर्नाळ्याहून पाटी घेऊन येणारी मासेवाली तर भांडायलाच उठली. "कोनाच्या बी मासलीचा असंल, माज्या मासलीचा नाय," असं तिने गल्लीच्या मध्ये उभं राहून जाहीर केलं. मी मोबाइलवर शोधलं. त्यात इतके रोग निघाले की मी मोबाइल पालथा घातला आणि कपडे वाळत घालायला गेले. खरं सांगायचं तर मी फार दमले होते, आणि कुत्र्याचा खोकला हे माझ्या यादीत सगळ्यात शेवटी होतं.

मग तो पडला. संध्याकाळी मी फाटक उघडलं, तो नेहमीसारखा धावत आला, खोकला, आणि खोकता खोकता एका कुशीवर कोसळला. जीभ बाहेर, रंगाने फिकट जांभळी. मी स्कूटर तशीच सोडली, ती आडवी झाली. त्याला मांडीवर घेतलं तर बरगड्यांखाली काहीतरी नुसतं फडफडत होतं. थोड्या वेळाने तो उठला, अंग झाडलं, आणि केळं कुठे आहे असं माझ्याकडे बघितलं. मला रडू आलं. रस्त्यात बसून, ऑफिसच्या कपड्यांत, एका परक्या कुत्र्यासाठी मी रडले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्याला रिक्षाने वसईला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, डोळ्यांखाली माझ्यासारखीच वर्तुळं. मी सांगायला सुरुवात केली, "घशात काटा..."

"अडकलाय," तिने वाक्य पूर्ण केलं. "कुत्रा खोकला की सगळे हेच सांगत येतात. हाड अडकलंय, काटा अडकलाय, केस गेलाय. कारण तो खोकतोच तसा. आपल्यासारखं तोंडावर हात ठेवून, दोनदा खोकून मोकळा होत नाही. पूर्ण अंगाने खोकतो. बघणाऱ्याला वाटतं, आता बाहेर काहीतरी येणार. येत काही नाही, कारण बहुतेक वेळा आत काही नसतं."

मग कुत्रा का खोकतो, असं मी विचारलं. तिला वेळ नसावा, बाहेर तीन मांजरं आणि एक बोकड थांबला होता, तरी तिने सांगितलं. कुत्र्यांमध्ये साथीचा खोकला असतो, एकाचा दुसऱ्याला होतो, हॉर्नसारखा भसाडा असतो आणि बहुतेकदा बरा होतो. छोट्या कुत्र्यांची श्वासनळी काहीवेळा वयाबरोबर मऊ पडते, गळ्यातला पट्टा ओढला की ती दबते. डासांमुळे हृदयात जंत होऊ शकतात. कचरा जाळतात त्याच्या धुराने खोकतात. "आणि याच्यासारख्यांचं हृदय मोठं होतं."

तिने एक्स-रे उजेडावर धरला. मला त्यात पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसेना. तिने पेनाने गोल दाखवला. हृदयातली झडप नीट मिटत नाही, रक्त उलटं येतं, हृदय फुगतं. वरून श्वासनळी जाते, तिला ते खालून दाबतं. फुफ्फुसात पाणी धरायला लागलं आहे. म्हणून आडवा झाला की खोकला येतो, आणि आनंद झाला की येतो.

"आनंद झाला की?"

"तुम्ही घरी आलात की उड्या मारतो ना? ते जरा कमी करा."

जगात एक जीव मला बघून उड्या मारत होता आणि तेवढंच नेमकं त्याच्या तब्येतीला वाईट निघालं.

हे बरं होणारं नाही, पण सांभाळता येईल, असं ती म्हणाली. दोन वेळच्या गोळ्या. गळ्याचा पट्टा काढून छातीचा घालायचा. गाढ झोपलेला असताना त्याचे श्वास मोजायचे, रोज, आणि वाढले की फोन करायचा. "खातो काय?" तिने विचारलं. मी सांगितलं. बोंबलाचं कालवण, सुका जवळा, खारवलेली मासळी भाजून, पापड, पाव, एखादं लोणच्याचं बोट. तिने पेन खाली ठेवलं.

"मॅडम, हे सगळं मीठ आहे. मिठाने अंगात पाणी साठतं. याला एक दिवस गोळी चुकली तर चालेल असं मी म्हणणार नाही, पण हे जेवण चालू राहिलं तर गोळ्यांचा काही उपयोग नाही."

"केळी?"

"केळ्यांनी काही झालेलं नाही. वजन तेवढं वाढलंय."

परत येताना तो रिक्षात माझ्या मांडीवर झोपला आणि मी पुढचा विचार करत होते. गोळ्या देईन. पट्टा आणीन. पण गल्लीला कसं सांगायचं? आणि मावशीला?

गल्लीला सांगणं सोपं गेलं, कारण लोक दुखावले तरी मला फरक पडत नव्हता. समोरच्यांनी "एवढ्याशा मिठाने काय होतं" म्हटलं. मासेवाली म्हणाली, "मी बोलले व्हते ना, काटा नाय!" आणि विजयाने पुढे गेली. नवरा म्हणाला, "कुत्रा खाल्ल्या मिठाला जागतो म्हणतात. आता बिचारा जागणार कसा?"

मावशी पडवीत पुढ्यात सूप घेऊन सुक्या बोंबलांची डोकी मोडत बसली होती. कुत्रा लगेच तिच्या पायाशी गेला. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. हृदय, पाणी, गोळ्या, पट्टा, श्वास मोजणं, आणि शेवटी मीठ. दमलेलं माणूस बोलतं तसं बोलले, एका दमात.

"म्हंजे काटा नाय?" तिने विचारलं.

"नाही."

"आनि मी घालते ते खाऊन त्याला पानी होतं."

"मिठाने होतं, मावशी. त्याला आता अळणीच द्यायचं. मी सकाळी भात आणि चिकन उकडून ठेवीन, दुपारचं पण. तुम्ही नका त्रास घेऊ."

"त्रास," ती म्हणाली. एवढंच. सूप उचललं आणि आत गेली. मागच्या बाजूचं दार, जे दिवसभर आमच्याकडे उघडं असतं, ते तिने लोटून घेतलं.

मी घरी येऊन भात लावला. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण एकीकडे त्याच्या फुफ्फुसातलं पाणी आणि एकीकडे तिचं दुपारचं जेवण, यातलं एक निवडायचं होतं, आणि मी निवडलं होतं.

मी दिवसा घरी नसते, म्हणून पुढचं नवऱ्याने सोसलं. बाराची घंटा झाली की कुत्रा उठायचा. आता तो पडवीच्या खांबाला बांधलेला. दोरी ताणायचा, रडायचा, रडून खोकायचा. माझा उकडलेला भात हुंगून बाजूला व्हायचा. पलीकडून ताटलीचा आवाज यायचा. ती एकटीच जेवत असायची, दार लोटून. नवरा घंटेच्या आधीच वाडीच्या पार टोकाला, बावखलाच्या काठी जाऊन बसायला लागला. पण तळं कितीही लांब असलं तरी चर्चची घंटा तिथेही ऐकू येते, असं तो म्हणाला.

एका शनिवारी मी लवकर घरी आले तर खांबाला नुसती दोरी. कुत्रा मावशीच्या पडवीत गोणपाटावर पसरलेला.

"मीच सोडला," नवरा म्हणाला. "मला बघवेना. रडून रडून जास्त खोकतोय. आणि मावशी म्हणाली, मी मीठ देत नाही त्याला."

"आणि तू विश्वास ठेवलास."

"तिने आजवर खोटं सांगितलेलं आठवत नाही मला."

खोट्याचा प्रश्न नव्हता. हाताला पन्नास वर्षांची सवय असते, चिमूट आपोआप टोपात पडते. मी बरंच ऐकवणार होते. पण सकाळपासून ऑफिसात ऐकून घेऊन आले होते आणि भांडायलाही त्राण लागतं. मी म्हटलं, करा काय करायचं ते. मग तो पुन्हा जास्वंदीखालून जायला लागला. तिचं दार काही दिवसांनी पूर्वीसारखं उघडं राहायला लागलं, पण मिठाबद्दल आम्ही दोघी एकमेकींशी काही बोललो नाही. मला वाटलं, त्याच्यासाठी ती काहीतरी बाजूला काढत असेल.

पुढच्या खेपेला डॉक्टरने त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि चेहरा जरा सैल झाला. "पथ्य कडक पाळलंय तुम्ही," ती म्हणाली. मी हो म्हटलं. खोकला पूर्ण गेला नव्हता, तो जाणार नव्हताच, पण पहाटेची ती लांबलचक झटापट थांबली होती.

नंतर मावशीकडून कालवणाचं वाडगं आलं. भांडणानंतरचं पहिलं. तिच्या हातचं मांदेलीचं कालवण, मी घाटावरची असले तरी आता त्यासाठी जीव टाकते. पहिला घास घेतला आणि मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे बघितलं. मिठाचा कणसुद्धा नव्हता.

"त्यांचे उपवासाचे दिवस चालू आहेत," नवरा म्हणाला. "काहीतरी सोडतात या दिवसांत. कुणी मांस, कुणी गोड. तिने मीठ सोडलं असेल." ते पटलं. आम्ही वरून मीठ घेतलं.

पण ईस्टर झाला. ईस्टरला ती दरवर्षी पाठवते तसं जेवण पाठवलं, आणि तेही अळणी. सणाचं जेवण, आणि त्यात मीठ नाही! नवऱ्याने मुकाट्याने मिठाचा डबा आणला आणि म्हणाला, "तिला बोलू नकोस. वय झालं." आणि मग त्याने मला ते सांगितलं. त्याच्या आत्याचं असंच सुरू झालं होतं. आधी स्वयंपाकात मीठ विसरायची, मग गॅस, मग घरचा रस्ता, मग आम्हाला.

एकदा शंका मनात शिरली की पुरावे सापडतातच. मावशीने परवा फाटक उघडं ठेवलं होतं. मागच्या आठवड्यात मला तिच्या मुलीच्या नावाने हाक मारली होती. चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेहून येताना छत्री विसरली होती. या गोष्टी मी स्वतःही करते, पण माझं वय सत्तर नाही. मला फार उदास वाटलं. तिचं कोण करणार? मुलीला कळवायला हवं. कळवलं की ती येणार, घर बंद करणार, आईला घेऊन जाणार. जास्वंदीपलीकडचं दार कायमचं लागणार. आणि कुत्र्याच्या वाट्याला पुन्हा एक बंद फाटक. त्याचं हृदय ते आता सोसणार नाही, हे मला कुणी एक्स-रे काढून दाखवायची गरज नव्हती.

मुलीचा नंबर माझ्याकडे होता. फोन हातात घेतला आणि ठेवला. म्हटलं, आधी आपल्या डोळ्यांनी बघावं.

ऑफिसला सुट्टी होती त्या दिवशी घंटेच्या जरा आधी मी जास्वंद ओलांडून गेले. मावशी, आज इथेच जेवते, म्हणाले. तिला आश्चर्य वाटलं नाही. "बस," म्हणाली. घंटा झाली, ती उभी राहिली, मीही राहिले. कुत्राही शेपूट हलवायचं थांबवून उभा होता, त्याला ते पाठ होतं. मग तिने चुलीवरचा जर्मनचा टोप टेबलावर आणला. एकच टोप. त्यातून आधी इनॅमलच्या ताटलीत भात आणि मासे वाढले, बोटांनी एकेक काटा काढून, न घाई करता. मग त्याच पळीने माझ्या पानात. मग स्वतःच्या.

मी घास तोंडात घातला आणि गिळला.

"मीठ वर फळीवर हाय," ती म्हणाली. "तुला पायजे तर घे."

मी तिच्याकडे बघितलं. ती कुत्र्याकडे बघत होती. विसरलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. माझ्या डोक्यात हळूहळू उजाडायला लागलं, आणि काहीतरी करायला हवं म्हणून मी उठले. फळीवरून बरणी काढली. काचेची, जुनी. झाकण फिरेना. पदराने धरून जोर लावला तेव्हा उघडलं. आत समुद्राच्या हवेने मिठाचा दगड झाला होता. चमच्याच्या दांड्याने ठोकलं तरी फुटेना. कुणी कितीतरी दिवसांत त्या बरणीत बोट घातलं नव्हतं.

"मावशी, कधीपासून?"

"तू सांगून गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि तो बांधलेला होता तेव्हा? तो इथे येतही नव्हता तेव्हा?"

"कदी सुटून आला तर?" ती म्हणाली. "टोप तयार नको?"

मी म्हटलं, "त्याचं वेगळं काढून मग तुमच्यात मीठ घालायचं ना. तुम्ही कशाला अळणी खाता या वयात?"

"एकटीला मीठ घालून तरी काय चव लागनार, बाय?" तिने सहज विचारलं आणि घास घेतला.

मी बरणी होती तिथे ठेवली आणि येऊन बसले. अळणी मासा वाईट लागतो. ते मी खोटं सांगणार नाही. पण पानातलं संपवलं.

कुत्र्याने ताटली चाटून पुसून ठेवली, एकदा खोकला, साधाच, आणि तिच्या पावलावर हनुवटी टेकून झोपला. ती हलली नाही. तिचे ओठ हळूहळू हलत होते आणि नजर खाली होती. मला वाटलं जेवणानंतरची प्रार्थना असेल, म्हणून मीही हात थांबवला. मग बघितलं की तिची नजर त्याच्या बरगड्यांवर आहे आणि ओठ त्या वर-खाली होण्याबरोबर हलतायत. ती श्वास मोजत होती. डॉक्टरने मला सांगितलेलं, मी एका दमात तिच्या अंगावर टाकून आलेलं आणि स्वतः कंटाळ्याने सोडून दिलेलं काम ती रोज दुपारी करत होती.

"बरा हाय," शेवटी ती म्हणाली, आणि पाय न हलवता वाकून माझ्या पानात आणखी भात वाढला.